गाडी एक, तिजोऱ्या तीन

संध्याकाळी सातच्या सुमाराला हुबळीच्या दाजीबानपेठेतून दुर्गदबैलाकडे चालत निघालेल्या माणसाला आधी रस्ता शोधावा लागतो. दोन्ही बाजूंना एकमेकींना टेकून उभ्या असलेल्या स्कूटर आणि मोटारसायकली, त्यांच्यापुढे हातगाड्या, हातगाड्यांपुढे रिक्षा, आणि जी काही फट राहिली असेल तिच्यातून हॉर्न वाजवत पुढे सरकणारी एखादी मोटार. तुळजाभवानीच्या देवळात नवरात्राची गर्दी असली किंवा गणपती-दिवाळीची खरेदी चालू असली, की ती फटही उरत नाही.

या गर्दीत गाडी लावून कुणी दुकानात शिरतो. पाच मिनिटांत बाहेर येतो, तर गाडी जागेवर नसते, किंवा मोबाइलवर दंडाचा संदेश येऊन पडलेला असतो. त्यानंतर तोंडातून निघणारं वाक्य हुबळीत, बेळगावात, पुण्यात आणि ठाण्यात सारखंच असतं: "ह्यांना पैसा कमी पडला की आमच्या गाड्या दिसतात. रोड टॅक्स भरलाय की आम्ही!"

हे वाक्य रागातलं असलं तरी त्यात दोन गंभीर प्रश्न आहेत. रोड टॅक्स भरलेल्या माणसाकडून गाडी उभी करण्याचे वेगळे पैसे का घ्यावेत? आणि पार्किंगचं शुल्क व दंड हे वाहतुकीला शिस्त लावण्यासाठी असतात की पालिकेची तिजोरी भरण्यासाठी? उत्तर द्यायचं तर आधी त्या वाक्यातले 'ह्यांना' म्हणजे नेमके कोण, ते पाहिलं पाहिजे. कारण एकाच गाडीचे पैसे तीन वेगवेगळ्या तिजोऱ्यांत जातात आणि रस्त्यावरच्या माणसाला त्या तिन्ही एकच वाटतात.

पहिली तिजोरी रोड टॅक्सची. कर्नाटकात मोटारींवरचा कर 1957 च्या कर्नाटक मोटार वाहन कर कायद्याखाली घेतला जातो. खासगी मोटारीचा कर नोंदणीच्या वेळी एकरकमी, आजीवन भरायचा असतो. 5 लाखांपर्यंतच्या मोटारीला 13 टक्के, 5 ते 10 लाखांना 14, 10 ते 20 लाखांना 17 आणि त्यावर 18 टक्के. म्हणजे 8 लाखांची मोटार घेणारा 1 लाख 12 हजार रुपये कर भरतो. रक्कम मोठी आहे आणि ती भरल्याची आठवण माणसाच्या मनात पक्की राहते, यात नवल नाही. पण हा पैसा राज्य सरकारच्या परिवहन खात्याकडे जातो. दाजीबानपेठेतला रस्ता ज्या हुबळी-धारवाड महानगरपालिकेचा आहे, तिच्या खात्यात तो आपोआप येत नाही. शिवाय या करातून गाडी रस्त्यावर चालवण्याची परवानगी मिळते. बाजारपेठेतली जागा दिवसभर अडवून ठेवण्याचा हक्क त्यात कुठेही लिहिलेला नाही.

दुसरी तिजोरी दंडाची. चुकीच्या जागी गाडी उभी केल्याचा दंड वाहतूक पोलीस मोटार वाहन कायदा 1988 खाली घेतात. वेगळी शिक्षा सांगितलेली नसेल तिथे कलम 177 लागतं. 1 सप्टेंबर 2019 पासून देशभर लागू झालेल्या दुरुस्तीने त्यातला पहिल्या गुन्ह्याचा दंड 100 रुपयांवरून 500 पर्यंत आणि पुढच्या गुन्ह्याचा 300 वरून 1500 पर्यंत नेला. हा पैसाही राज्याच्या तिजोरीत जातो. हुबळी-धारवाडला पोलीस आयुक्तालय आहे. ते राज्याच्या गृहखात्याखाली येतं, महापौरांच्या किंवा पालिका आयुक्तांच्या हाताखाली नाही. गाडी उचलणारा शिपाई पालिकेचा नोकर नसतो. इतकंच काय, गाड्या कुठे उभ्या राहाव्यात हे ठरवण्याचा अधिकारसुद्धा याच कायद्याच्या कलम 117 ने राज्य सरकारला किंवा सरकारने नेमलेल्या प्राधिकाऱ्याला दिला आहे. स्थानिक संस्थेशी फक्त विचारविनिमय करायचा असतो.

तिसरी तिजोरी तेवढी पालिकेची. ठरवून दिलेल्या जागी गाडी लावल्याबद्दल जी पावती फाडली जाते, त्या शुल्काची. घटनेच्या 74 व्या दुरुस्तीने 1993 पासून जी बारावी अनुसूची आली, तिच्या सतराव्या नोंदीत रस्त्यावरचे दिवे, बसथांबे आणि सार्वजनिक सोयींच्या बरोबरीने वाहनतळांचाही उल्लेख आहे. म्हणजे जागा पुरवणं हे नगरपालिकेचं काम, तिची पावतीही तिचीच. पण नियम मोडणाऱ्याला दंड करण्याचं हत्यार दुसऱ्याच्या हातात.

इंग्लंडमध्ये हाच वाद वेगळ्या पायावर उभा आहे, आणि तिथली बातमी वाचून इथली गणितं मांडणाऱ्यांचा घोटाळा इथेच होतो. 1991 च्या कायद्यानंतर तिथे चुकीचं पार्किंग हा हळूहळू फौजदारी गुन्हा राहिला नाही. आधी लंडनमध्ये आणि मग इतरत्र दंड करण्याचं काम पोलिसांकडून स्थानिक कौन्सिलांकडे आलं आणि दंडाची रक्कमही कौन्सिलकडेच राहू लागली. इंग्लंडमधल्या कौन्सिलांना पार्किंगचं शुल्क आणि दंड मिळून खर्च वजा जाता 2018-19 या एका वर्षात सुमारे 93 कोटी पौंड शिल्लक राहिले. जो नियम करतो, तोच पकडतो आणि तोच पैसे ठेवतो, अशी रचना असली की हेतूबद्दल शंका येणारच.

ही शंका लंडनच्या उत्तरेकडच्या बार्नेट भागात थेट उच्च न्यायालयात गेली. तिथल्या कौन्सिलने रहिवाशांच्या पार्किंग परवान्याचं वार्षिक शुल्क 40 पौंडांवरून 100 वर नेलं आणि पाहुण्यांच्या गाडीचं कूपन 1 पौंडाऐवजी 4 पौंडांना केलं. जमा होणारा जादा पैसा रस्ते आणि वाहतुकीवरच्या इतर खर्चासाठी वापरायचा, हा हेतू होता. जुलै 2013 मध्ये न्यायालयाने ही वाढ बेकायदा ठरवली. ज्या 1984 च्या कायद्याखाली शुल्क घेतलं जातं, तो रस्त्यावरच्या वाहतुकीचं नियमन करण्यासाठी आहे, महसूल उभा करण्यासाठी नाही, असं न्यायमूर्ती लँग यांनी स्पष्ट केलं. शुल्कातून शिल्लक राहिली तर कायदा सांगेल त्या कामांवर ती खर्च करता येते. पण शिल्लक राहावी म्हणून शुल्क वाढवता येत नाही. हा भेद बारीक आहे, पण साऱ्या विषयाचा कणा तोच आहे.

आपल्याकडेही असा एक भेद कायद्यात रुजलेला आहे आणि तो रुजवणारा खटला कर्नाटकातल्या एका मठाच्या नावाने ओळखला जातो. उडुपीच्या अष्टमठांपैकी शिरूर मठाच्या स्वामींनी तेव्हाच्या मद्रास सरकारच्या धार्मिक संस्थांच्या कायद्याला आव्हान दिलं होतं. सर्वोच्च न्यायालयाने 1954 मध्ये कर आणि शुल्क यांतला फरक त्या निकालात मांडला. कर सगळ्यांच्या गरजांसाठी घेतला जातो आणि भरणाऱ्याला त्याच्या बदल्यात ठरावीक काही मिळेलच असं नसतं. शुल्क मात्र विशिष्ट सेवेच्या बदल्यात असतं. त्या कायद्यातली वर्गणी सरकार शुल्क म्हणत होतं, न्यायालयाने ती कर ठरवली. पुढे 1983 च्या निकालात न्यायालयाने ही अट थोडी सैल केली. दिलेल्या पैशाच्या पैन्-पै बदल्यात सेवा मोजून दाखवावी लागत नाही, दोहोंत ढोबळ नातं असलं तरी पुरे. पण नातं हवं. पार्किंगची पावती फाडायची आणि बदल्यात ना आखलेली जागा, ना राखणदार, ना पुसलेला रस्ता, असं असेल तर नागरिकाला 'हे शुल्क कशाचं?' असं विचारण्याचा पुरता अधिकार आहे.

पालिकांना पैसा कमी पडतो, हे मात्र खरं आहे, आणि त्याची कहाणी जकातीपासून सुरू होते.

हुबळी 1956 पर्यंत मुंबई राज्यात होती. जुन्या पिढीतल्या व्यापाऱ्यांच्या आठवणीत जकात नाका ही नेहमीची गोष्ट होती. मालाची गाडी गावात शिरताना तिथे पैसे भरायचे आणि ते पालिकेला रोजच्या रोज मिळायचे. कर्नाटकाने 1979 मध्ये जकात रद्द केली आणि बदल्यात पालिकांना राज्याचं अनुदान देऊ केलं. महाराष्ट्रात जकात अधिक काळ टिकली. मग स्थानिक संस्था कर आला, तोही 2015 मध्ये बहुतेक व्यापाऱ्यांपुरता संपला, आणि मुंबईची जकात 1 जुलै 2017 ला जीएसटी येईपर्यंत चालली. त्याच जीएसटीबरोबर पालिकांचा जाहिरात करही गेला. हाती उरली ती मुख्यतः घरपट्टी, पाणीपट्टी आणि बांधकाम परवानग्यांचं शुल्क. रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर 2022 मध्ये महापालिकांच्या अर्थकारणावर जो अहवाल काढला, त्यातला निष्कर्ष साधा आहे. दहा वर्षांहून अधिक काळ भारतातल्या पालिकांचं उत्पन्न आणि खर्च देशाच्या सकल देशांतर्गत उत्पादनाच्या 1 टक्क्याच्या आसपास अडकून राहिला आहे. ब्राझीलमध्ये हाच आकडा 7.4 टक्के आहे, दक्षिण आफ्रिकेत 6.

ज्या संस्थेचं रोजचं उत्पन्न असं एकेक करून काढून घेतलं गेलं, ती नव्या उत्पन्नाच्या शोधात राहणारच. म्हणून पार्किंगकडे डोळा जातो. हा मार्ग किती फलदायी आहे, हे पाहण्यासाठी दाजीबानपेठेसारख्या बाजारातल्या एका रस्त्याचा हिशेब मांडून पाहू. आकडे गृहीत धरलेले आहेत, पण अवास्तव नाहीत.

समजा रस्त्यावर 40 मोटारींची जागा आखली. तासाला 20 रुपये दर, दिवसाचे 10 तास. सगळी जागा सतत भरलेली राहत नाही, म्हणून 60 टक्के भरते असं धरू. दिवसाला 4,800 रुपये जमतील. वर्षात 300 दिवस बाजार चालला तर 14 लाख 40 हजार. आता दोन पाळ्यांत मिळून चार माणसं लागतील. महिना 15 हजार पगाराने त्यांच्यावर 7 लाख 20 हजार गेले, तर शिल्लक तेवढीच, 7 लाख 20 हजार. त्यातून पट्टे आखायचे, फलक लावायचे, पावतीची यंत्रं घ्यायची. हुबळी-धारवाडची लोकसंख्या 2011 च्या जनगणनेत सुमारे 9 लाख 43 हजार होती. त्या हिशेबाने ही शिल्लक दरडोई वर्षाला 80 पैशांहूनही कमी पडते. असे दहा रस्ते केले तरी माणशी 8 रुपये होत नाहीत. एक किलोमीटर काँक्रीटचा रस्ता करायला जिथे कोटींत पैसा लागतो, तिथे या उत्पन्नावर शहर चालणार नाही. जो कुणी पार्किंगमधून तिजोरी भरण्याची स्वप्नं पाहत असेल, त्याने हे गणित आधी करावं.

मग इतका थोडा पैसा असूनही लोकांचा संताप एवढा मोठा का? कारण हा पैसा कसा गोळा होतो, ते लोक रोज डोळ्यांनी पाहतात.

आपल्याकडे बहुतेक पालिका पार्किंगची जागा स्वतः चालवत नाहीत. टेंडर काढलं जातं, जास्तीत जास्त रकमेची बोली लावणाऱ्या ठेकेदाराला जागा मिळते. पालिकेला वर्षाची ठरलेली रक्कम येते आणि तिचं काम तिथे संपतं. ठेकेदाराला भरलेली रक्कम वसूल करून वर नफा काढायचा असतो. त्यामुळे आखलेल्या 40 जागांत 60 गाड्या कोंबण्यात, एका तासाचे दोन तास लावण्यात, पावती न देता रोख घेण्यात त्याचा फायदा असतो, आणि तपासायला कुणी येत नाही. पालिकेच्या जमाखर्चात 'वाहनतळ भाडे' म्हणून एक ओळ येते. रस्ता मोकळा झाला का, ग्राहकाला जागा मिळाली का, याची ओळ कुठेच नसते. म्हणजे कागदावर पार्किंग हे वाहतुकीचं काम राहतच नाही, ते मालमत्ता भाड्याने देण्याचं काम होतं. शहरं पार्किंगकडे महसूल म्हणून पाहतात, हा आरोप इथे सिद्ध होतो. फरक एवढाच, की त्या महसुलाचा मोठा वाटा शहराला मिळतही नाही.

शिकागोने याच चुकीची किंमत भव्य प्रमाणावर मोजली. 2008 मध्ये त्या शहराने आपले सुमारे 36 हजार पार्किंग मीटर एका खासगी गटाला 75 वर्षांसाठी देऊन टाकले आणि सुमारे 115 कोटी डॉलर एकरकमी घेतले. पुढच्याच वर्षी शहराच्या महानिरीक्षकांनी हिशेब काढला, तेव्हा हे हक्क सुमारे 97 कोटी डॉलरने कमी किमतीत गेले असं दिसलं. रस्त्यावरचे दर लगेच वाढले आणि शहराचा रस्ता असूनही तिथल्या पार्किंगबद्दलचे निर्णय पुढच्या तीन पिढ्यांसाठी बांधले गेले.

टोइंगचंही तेच. गाडी उचलण्याचं काम खासगी ठेक्यावर असतं आणि ठेकेदाराला मोबदला उचललेल्या गाडीगणिक मिळतो. ज्याला दर गाडीमागे पैसे मिळतात, तो चौकात आडव्या उभ्या असलेल्या जड मोटारीपेक्षा कडेची हलकी स्कूटर आधी उचलणार, कारण एका फेरीत तशा पाच-सहा मावतात. वाहतुकीला अडथळा कशाचा, हा प्रश्न मागे पडतो. बेंगळुरूत यावरून लोक इतके भडकले, की फेब्रुवारी 2022 मध्ये सरकारला तिथलं टोइंगच थांबवावं लागलं. वर्षभराने, फेब्रुवारी 2023 मध्ये, राज्यभर थकलेल्या वाहतूक दंडावर 50 टक्के सवलत जाहीर झाली. मूळ हेतू तुंबलेली प्रकरणं निकाली काढण्याचा होता. नऊ दिवसांत एकट्या बेंगळुरूत 120 कोटींहून अधिक रुपये जमा झाले. सवलतीसाठी राज्यभर लागलेल्या रांगांत हुबळीकरही उभे होते. आकडा थक्क करणारा आहे खरा, पण त्याने लोकांना एक चुकीचा धडाही दिला. दंड ताबडतोब भरू नये, थांबलं तर अर्ध्यात सुटतो. वचक बसावा म्हणून ठेवलेला दंड मग घरपट्टीच्या थकबाकीसारखा होऊन बसतो.

दंडाचा लोभ किती टोकाला जाऊ शकतो, याचा दाखला अमेरिकेतल्या फर्ग्युसन या जेमतेम 21 हजार वस्तीच्या गावाने दिला. तिथे दंडाचा पैसा थेट गावाच्या तिजोरीत जाई. मार्च 2015 मध्ये अमेरिकेच्या न्याय खात्याने जो तपास अहवाल प्रसिद्ध केला, त्यात गावाचे वित्त अधिकारी पोलीसप्रमुखांना दंडवसुली वाढवण्याबद्दल लिहीत असलेले ईमेल होते. पार्किंगसारख्या किरकोळ दंडाची रक्कम भरता आली नाही म्हणून गरीब माणसांवर अटकेचे हुकूम निघत होते. त्या तुलनेत भारतातली रचना, म्हणजे दंड राज्याकडे आणि शुल्क पालिकेकडे, एका अर्थाने सुरक्षित आहे. पण तिच्यात दुसरा दोष आहे. दंड घेणाऱ्याला जागा पुरवायची नसते आणि जागा पुरवणाऱ्याला शिस्त लावता येत नाही. दोघंही एकमेकांकडे बोट दाखवतात, आणि मध्ये दुर्गदबैलाचा रस्ता तुंबलेला राहतो.

मुंबईचं उदाहरण या दोषाच्या अगदी मुळाशी नेतं. 2008 पासून विकास नियंत्रण नियमावलीच्या 33(24) या तरतुदीखाली बिल्डरांनी सार्वजनिक वाहनतळ बांधून पालिकेला द्यायचे आणि बदल्यात जादा चटईक्षेत्र घ्यायचं, अशी योजना होती. वाहनतळ उभे राहिले, पण अनेक ठिकाणी आत जागा रिकामी आणि बाहेरच्या रस्त्यावर दुतर्फा गाड्या. कारण बाहेर फुकट होतं. शेवटी 7 जुलै 2019 पासून पालिकेने अशा निवडक वाहनतळांच्या आसपासच्या 500 मीटरमध्ये बेकायदा पार्किंगला 5 हजारांपासून 23 हजार रुपयांपर्यंत दंड लावला, माजी सैनिकांची पथकं नेमली. दंडाची रक्कम ऐकून शहर हादरलं आणि 'पालिका लुटते' ही ओरड झाली. पण इथे हेतू बराचसा स्वच्छ होता. बांधून ठेवलेली जागा वापरात आणायची होती. चूक होती ती आधीच्या दशकभराची. बाहेरचं पार्किंग फुकट ठेवून आतलं भरेल, अशी आशा धरण्याची.

पुण्याची गोष्ट उलटी. 2018 मध्ये तिथल्या वाहनांची संख्या 36 लाखांवर गेली, शहराच्या लोकसंख्येलाही मागे टाकून. त्याच वर्षी मार्चमध्ये महापालिकेच्या सर्वसाधारण सभेत पार्किंग धोरण आलं. वर्दळीप्रमाणे रस्त्यांचे वर्ग, त्याप्रमाणे दर. विरोध इतका झाला, की धोरण मंजूर होतानाच ते पाच रस्त्यांवरच्या प्रयोगापुरतं आकसलं, आणि पुढे कित्येक वर्षं तो प्रयोगही कागदावरच राहिला. पुणेकरांचा आक्षेप अडाणीपणाचा नव्हता. बस वेळेवर नाही, पदपथ चालण्याजोगे नाहीत, मग स्कूटरशिवाय जायचं कसं, आणि त्या स्कूटरवर पुन्हा पैसे? धोरण लिहिणाऱ्यांनी या प्रश्नाचं उत्तर आधी रस्त्यावर दाखवायला हवं होतं.

तसं दाखवलं की काय होतं, हे कॅलिफोर्नियातल्या पॅसडिना शहराच्या जुन्या बाजारपेठेने सिद्ध केलं. तो बाजार उतरणीला लागला होता. 1993 मध्ये मीटर बसवायचं ठरलं तेव्हा दुकानदारांनी कडाडून विरोध केला, कारण गिऱ्हाईक पळेल ही भीती. शहराने त्यांच्यापुढे एक वचन ठेवलं. मीटरचा सगळा पैसा याच पेठेत खर्च होईल. विरोध मावळला. त्या पैशातून पदपथ नवे झाले, झाडं लागली, दिवे आले, मागच्या बोळांची सफाई झाली, आणि बाजार पुन्हा भरला. लॉस एंजेलिसच्या विद्यापीठातले प्राध्यापक डोनाल्ड शूप यांनी हे उदाहरण जगासमोर आणलं. फुकट पार्किंगची खरी किंमत सगळं शहर कसं मोजतं, यावरचा त्यांचा ग्रंथ 2005 साली आला. मोटार आपल्या आयुष्यातला सुमारे 95 टक्के काळ उभीच असते, हे त्यांनी सतत सांगितलं. आणि दर कसा ठरवावा यावर त्यांचं उत्तर महसुलाशी जोडलेलं नव्हतं. शंभरातल्या 85 जागा भरलेल्या आणि 15 मोकळ्या राहतील, असा दर ठेवावा. जागा ओस पडली तर दर उतरवावा, मिळेनाशी झाली तर चढवावा. सॅन फ्रान्सिस्कोने 2011 पासून हे करून पाहिलं. प्रयोगाच्या भागात मीटरचा सरासरी दर सुमारे 4 टक्क्यांनी खाली आला आणि दंडाच्या पावत्या 23 टक्क्यांनी घटल्या. म्हणजे पार्किंग नीट चालवलं तर दंडाचं उत्पन्न कमी होतं. एखाद्या शहराचा हेतू ओळखण्याची याहून सोपी कसोटी नाही. ज्या शहराला वर्षानुवर्षं दंड वाढत गेल्याचा अभिमान वाटतो, त्याने पार्किंगचा प्रश्न सोडवलेला नसतो.

मीटरचा जन्मही याच हेतूने झाला होता. 16 जुलै 1935 रोजी ओक्लाहोमा सिटीत जगातला पहिला पार्किंग मीटर लागला, तासाला 5 सेंट. तिथल्या दुकानांसमोरच्या जागा नोकरदार माणसं सकाळपासून अडवून ठेवत आणि गिऱ्हाईकाला जागा मिळत नसे, ही तक्रार दुकानदारांचीच होती. दाजीबानपेठेत किंवा जवळी सालातल्या कापडबाजारात आजही तेच दिसतं. दुकानाच्या दारात सकाळी दहाला लागलेली गाडी बहुतेक वेळा मालकाची किंवा कामगाराची असते आणि ती रात्री आठला हलते. एका मोटारीची जागा साधारण अडीच मीटर बाय पाच मीटर, म्हणजे सुमारे 135 चौरस फूट. त्याच रस्त्यावर एवढ्या गाळ्याला महिन्याला हजारांत भाडं पडतं. ती जागा फुकट वापरणारा माणूस शहराकडून रोज एक भेट घेत असतो. तिची किंमत चालत येणारी म्हातारी, शाळकरी पोर आणि जागा न मिळाल्याने परत गेलेलं गिऱ्हाईक मोजतात. केंद्र सरकारच्या 2006 च्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणातही हेच तत्त्व आहे. पार्किंगचा दर अडवलेल्या जमिनीच्या किमतीशी मेळ खाणारा असावा आणि त्यामुळे लोक सार्वजनिक वाहनांकडे वळावेत. हुबळी-धारवाडमध्ये ऑक्टोबर 2018 पासून 'चिगरी' बस स्वतंत्र मार्गिकेतून धावते आहे. त्या थांब्यांपासून जुन्या पेठांपर्यंत चालत जाता येईल असा सलग पदपथ असेल, तरच पार्किंगचा वाढीव दर न्यायाचा ठरेल.

म्हणून शुल्क घ्यावं की नाही, यावर निर्णय स्पष्ट आहे. घ्यावं. पण आधी पट्टे आखावेत, हातगाड्यांची आणि दुचाक्यांची जागा वेगळी ठरवावी, इमारतींच्या तळघरात पार्किंगसाठी दाखवून नंतर दुकानं थाटलेली जागा मोकळी करावी, आणि पेठेतला पैसा पेठेतच खर्च होतो हे फलकावर लिहावं. जास्तीत जास्त बोलीचा ठेका बंद करून यंत्राची पावती आणि ठरलेला मेहनताना अशी पद्धत आणावी. टोइंगचा मोबदला गाडीगणिक देणं थांबवावं. हे न करता नुसता दर वाढवणं म्हणजे शिरूर मठाच्या निकालाच्या भाषेत शुल्काचं नाव घेऊन कर घेणं आहे.

हुबळी आणि धारवाड मिळून 1962 मध्ये झालेल्या या महापालिकेत आज 82 प्रभाग आहेत, आणि प्रत्येकाचा नगरसेवक पेठेतल्या माणसाला नावाने ओळखता येतो. त्याला विचारण्यासारखे प्रश्न चार आहेत. आपल्या प्रभागातल्या पार्किंगचा ठेका कुणाकडे आहे? त्याने वर्षाला किती रक्कम भरायची आणि किती भरली? मंजूर दर आणि जागा किती? जमा झालेला पैसा कुठे खर्च झाला? तोंडी उत्तर मिळालं नाही, तर माहितीचा अधिकार आहेच. कर्नाटकात हा अर्ज एकाच विषयावर, 150 शब्दांच्या आत लिहायचा असतो, त्याची फी 10 रुपये आहे आणि उत्तर 30 दिवसांत द्यावं लागतं. दाजीबानपेठेतल्या व्यापाऱ्यांनी आणि रहिवाशांनी असा एक अर्ज या वर्षी जरूर करावा.